सोनटक्का आणि वाळा : उतारावरच्या बागेतील दोन बहुवर्षायू झाडे

सोनटक्का आणि वाळा ही दोन्ही बहुवर्षायू झाडे आहेत. एकदा लावली की वर्षानुवर्षे त्याच जागी फुटतात, बियांवाचून वाढतात, आणि मोळी फोडून कितीही ठिकाणी नेता येतात. दोघांनाही महाराष्ट्रात पूर्वापार जपले गेले ते वासासाठी. सोनटक्क्याचा वास फुलात असतो, वाळ्याचा मुळात. साम्य बहुतेक इथेच संपते. एक आल्या-हळदीच्या कुळातले मांसल खोडाचे फुलझाड आहे, तर दुसरे सरळसोट गवत. पाचगणीसारख्या ठिकाणी बाग करणाऱ्याला या दोहोंतून निवड करायची असेल, तर फुलाचा मोह बाजूला ठेवून आधी जमीन, ऊन आणि पाणी पाहावे लागते.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वर इथून वीस किलोमीटरही नाही. पण तिथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस पाचगणीला येईतो जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पसरणी घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत हजाराच्याही खाली जातो. म्हणून महाबळेश्वरातील बाग पाहून पाचगणीत झाडे लावणारा निम्म्या वेळा फसतो. पाऊस पडतो तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. डोंगरमाथ्यावर जांभ्याचे कठीण कवच, त्याखाली काळा बेसाल्ट, आणि उतारावर त्या जांभ्याची झीज होऊन बनलेली तांबडी, खडेमिश्रित, पातळ माती अशी इथली रचना आहे. टेबल लँडचे विस्तीर्ण पठार हा याच कवचाचा उघडा पडलेला भाग. तिथे गवत आणि पावसाळी रानफुले यांखेरीज फारसे काही तग धरत नाही. बंगल्यांच्या आणि शाळांच्या बागा आहेत त्या पठाराच्या अंगाखांद्यावर, म्हणजे उतारावर. सपाट वाफा इथे आयता मिळत नाही; तो दगडी बांध घालून करून घ्यावा लागतो.

बागांचा हा वारसा इंग्रजी अमदानीतला आहे. जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात पाचगणी हे गिरिस्थान म्हणून वसवायला घेतले आणि बाहेरची अनेक झाडे आणून लावली. त्यांतले सिल्व्हर ओक आज गावाची ओळख बनले आहेत. मूळच्या ऑस्ट्रेलियातील या उंच झाडांमुळे पाचगणीच्या बागांत दोन प्रकारच्या जागा तयार झाल्या : झाडांखालची चाळणीतून गाळल्यासारखी सावली आणि बांधाच्या कडेचे उघडे ऊन. सोनटक्का आणि वाळा यांची वाटणी बरीचशी इथेच होते.

सोनटक्क्याचे मूळ क्षेत्र पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतचे मानतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो इतका रुळला आहे की ओहोळाकाठी आपोआप वाढलेले त्याचे रान पाहून तो परका वाटत नाही. जमिनीत आल्यासारखा पसरट, गाठींचा कंद असतो. त्यातून जूनच्या पावसाबरोबर फुटवे वर येतात आणि दोन-अडीच महिन्यांत कमरेएवढे, चांगल्या जागी पुरुषभर उंच होतात. दिसते ते खोड खरे खोड नसते. केळीप्रमाणे पानांचे तळ एकात एक गुंडाळून ते बनलेले असते. हिरवी, लांबट पाने दोन बाजूंना दोन ओळींत येतात. श्रावण-भाद्रपदात शेंड्यावर हिरव्या खवल्यांचा भरगच्च तुरा येतो आणि दर खवल्याच्या बेचक्यातून आळीपाळीने कळ्या बाहेर पडतात.

या फुलाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पांढरीशुभ्र, फुलपाखराच्या पंखांसारखी दिसणारी जी रुंद दले डोळ्यांत भरतात त्या पाकळ्या नव्हेत. ते रूप बदललेले वांझ पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या अरुंद, दोऱ्यासारख्या असतात आणि मागे लोंबत राहतात. त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. फलनक्षम पुंकेसर एकच असतो आणि स्त्रीकेसराची नाजूक नळी त्याच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून ओवल्यासारखी पुढे येते. फुलाची मूळ नळी बोटभर लांब असते आणि मध तिच्या तळाशी. दिवसा फिरणाऱ्या मधमाशीला तो सहजी पोहोचण्यासारखा नसतो. लांब सोंडेचे निशाचर पतंग मात्र तिथवर पोहोचतात. फूल संध्याकाळी उमलते आणि अंधार पडताच त्याचा वास वाढतो, त्याचे कारण हे पाहुणेच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मलूल होते. वेणी-गजऱ्यासाठी म्हणून तिन्हीसांजेला टपोऱ्या कळ्याच खुडतात. एका तुऱ्यावर दिवसाआड नवी फुले येत राहत असल्याने मोठी मोळी गौरी-गणपतीपासून दसऱ्यापर्यंत बहरात राहू शकते.

फुलून गेलेला फुटवा पुन्हा फुलत नाही. तो तसाच ठेवला तर पिवळा पडून मोळीत अडगळ करतो. जमिनीलगत कापून टाकला तर शेजारच्या कोंभांना वाव मिळतो. कंद वरच्या वीतभर मातीतच पसरतो आणि दरसाल बाहेरच्या बाजूला सरकतो. तीन-चार वर्षांत मोळीचा मध्य पोकळ आणि दुबळा होतो. मग ती उकरून, जुने लाकडासारखे कंद टाकून, दोन-तीन डोळ्यांचे ताजे तुकडे परत लावावे लागतात.

वाळ्याचा कारभार याच्या उलट आहे. त्याचा डोलारा जमिनीखाली असतो. वरून पाहिले तर दीड ते दोन मीटर उंचीचा, घट्ट, कारंज्यासारखा बाहेर वळलेला गवताचा झुबका. पाने अरुंद, मधल्या शिरेवर दुमडलेली, कडांना किंचित करकरीत. बुंध्याशी फुटवे पंख्यासारखे चपटे दाबलेले दिसतात. गवती चहाशी त्याची गल्लत नेहमी होते, पण पान चुरगाळले की शंका फिटते : गवती चहाला लिंबाचा वास येतो, वाळ्याच्या पानाला जवळपास काहीच नाही. वास शोधायचा तर बुंध्याशी माती उकरून पिवळट तपकिरी मुळाचा तुकडा ओला करावा.

ही मुळे आडवी फारशी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. मऊ, खोल मातीत ती दोन ते तीन मीटर किंवा त्याहूनही खोल उतरतात. पाचगणीच्या जांभ्यात तेवढी खोली त्यांना मिळत नाही, पण भेगा सापडतील तिथे ती घुसतात. वाळ्याच्या मुळाची ताण सोसण्याची शक्ती सरासरी ७५ मेगापास्कलच्या घरात मोजली गेली आहे. साध्या पोलादाच्या ती सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी भरते. हजारो बारीक मुळे एका ओळीत खाली उतरलेली असली की मातीत जणू एक पडदा उभा राहतो.

या गुणाकडे जगाचे लक्ष तसे अलीकडे गेले. जॉन ग्रीनफिल्ड यांनी १९५०च्या दशकात फिजीतील उसाच्या मळ्यांत उतारावर वाळ्याच्या ओळी लावून माती अडवली. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेच्या भारतातील पाणलोट कामांत त्याचा पुरस्कार केला, तेव्हा कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी शेताच्या हद्दीवर तो कितीतरी आधीपासून लावत आल्याचे दिसून आले. १९९३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या गवतावर स्वतंत्र अहवालच काढला. महाराष्ट्रात मात्र वाळा बहुतेकांना माहीत आहे तो माठातल्या पाण्यात टाकायची जुडी, सरबत आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडून खिडकीला लावायचे पडदे एवढ्यापुरताच.

आता बागेकडे. पहिली कसोटी उन्हाची. वाळ्याला दिवसभर ऊन लागते. सिल्व्हर ओकच्या सावलीत लावलेला वाळा मरत नाही, पण विरळ राहतो, झुकतो, आणि फुटवे दाट न झाल्याने ओळ बंद होत नाही. मग त्याचा काही उपयोग उरत नाही. सोनटक्क्याला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मानवते. पावसाळ्यात, धुक्याच्या आठवड्यांत, तो उघड्यावरही खुशीत असतो; पण ऑक्टोबरचे ऊन तापले की पानांच्या कडा करपू लागतात.

दुसरी कसोटी पाण्याची, आणि पाचगणीत हीच खरी निर्णायक. सोनटक्का मुळात ओहोळाकाठचा. त्याचे कंद उथळ असल्यामुळे वरची माती वाळली की त्याची वाढ थांबते. डिसेंबरनंतर पाणी दिले नाही तर पाने पिवळी पडून फुटवे बसतात. कंद मरत नाही. पालापाचोळ्याखाली झाकून ठेवला तर वळवाच्या पावसापर्यंत झोपून काढतो. मात्र त्या काळात वाफा ओसाड दिसतो. पर्यटकांनी गाव भरण्याचा आणि पाण्याची ओढ लागण्याचा हंगाम नेमका तोच, म्हणजे एप्रिल-मे. त्या दिवसांत नळाचे पाणी सोनटक्क्याला घालणे हा उधळेपणाच होय. न्हाणीघराचे किंवा मोरीचे पाणी त्याच्याकडे वळवणे हा त्यावरचा शहाणा उपाय. असे सांडपाणी तो आनंदाने पितो. ब्राझीलमध्ये सांडपाणी शुद्ध करण्यासाठी केलेल्या वनस्पतींच्या वाफ्यांतही त्याचा वापर झाला आहे. वाळ्याला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एखादे पाणी मिळाले तर बरे. दुसऱ्या वर्षापासून त्याकडे पाहावेही लागत नाही. उन्हाळ्यात पानांचे शेंडे वाळतात, पण झुबक्याचा गाभा हिरवा राहतो. गंमत म्हणजे हेच गवत पाण्यात पाय बुडवूनही जगते. नदीकाठच्या दलदलीत रानटी वाळा उभा असतोच.

वाऱ्याचे काय? जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड असलेल्या उतारांवर वारा आणि पाऊस आडवे येतात. सोनटक्क्याचे पाणीदार फुटवे अशा माऱ्यात बुंध्यापासून आडवे होतात आणि तुरा चिखलात लोळतो. तारा-काठ्यांचा आधार देता येतो, पण तो दिसायला ओंगळ. भिंतीची, कुंपणाची किंवा वाळ्याच्याच ओळीची आड मिळाली की काम भागते. वाळा वाऱ्याने वाकतो, मोडत नाही.

माती धरण्याच्या बाबतीत तुलना करणेही सोनटक्क्यावर अन्यायाचे आहे. त्याचे कंद वरची माती गुंतवून ठेवतात, पाने पावसाच्या थेंबांचा मार झेलतात, एवढेच. जोराची सर आली आणि वरून लोंढा आला की कंदासकट मोळी सुटून खाली आलेली अनेक बागांत पाहायला मिळते. वाळ्याची ओळ पाणी अडवत नाही, त्याचा वेग मोडते. दाट फुटव्यांतून पाणी गाळून पुढे जाते आणि वाहत आलेली तांबडी माती ओळीच्या वरच्या अंगाला बसते. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे आपोआप एक पायरी तयार होते. गवत त्या मातीत नवे फुटवे काढत वर सरकत राहते, त्यामुळे ते गाडले जात नाही. दगडी बांधाला दर काही वर्षांनी डागडुजी लागते. वाळ्याचा हा बांध मात्र वयाबरोबर मजबूत होतो. पण याला एक अट आहे : ओळ समपातळीत हवी आणि तिच्यात खिंड नको. एक ठोंब मेला तरी पाणी तिथूनच वाट काढते आणि शेजारचे दोन उपटून नेते. समपातळी काढायला मोठी उपकरणे लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीची दोन टोके दोन काठ्यांना बांधावीत, पाणी दोन्हीकडे एकाच खुणेवर येईल तिथे चुन्याची खूण करावी आणि त्या खुणा जोडाव्यात.

वाळ्याच्या मुळांचा मोह मात्र इथे आवरावा लागतो. मुळांत तेल भरायला दीड वर्षाच्या आसपास लागते आणि ती काढायची म्हणजे अख्खा झुबका खणून काढायचा. उतारावरची ओळ मुळांसाठी खणली, तर पुढच्या पावसाळ्यात माती जाणार हे ठरलेलेच. घरच्या माठापुरता वाळा हवा असेल तर दोन-चार ठोंब वेगळे, वाळूमिश्रित मातीच्या गोणीत वाढवावेत. थंडीत गोणी फाडली की लांब मुळे न तुटता मिळतात. ती धुऊन सावलीत वाळवली की वास टिकतो.

रोगराई दोघांनाही बेताचीच. सोनटक्क्याची पाने गुंडाळून आत राहणारी एक अळी पावसाळ्यात हमखास दिसते. ती हळद-आल्यावर वाढणाऱ्या एका छोट्या फुलपाखराची असते. दोन-चार पाने तिच्या नावाने सोडावीत, औषध फवारू नये. पाणी साठले तर कंद कुजतो, म्हणून ओल हवी पण निचराही हवा. डोंगराकडच्या कुंपणालगत रानडुकरे आणि साळिंदरे कंद उकरतात, तिथे सोनटक्का घराजवळच लावावा. वाळ्याची कोवळी पालवी गुरे खातात, जून पाने सहसा टाळतात. त्याला खरी भीती वणव्याची. फेब्रुवारीपासून डोंगर पेटू लागतात आणि वाळलेली पाने आग धरतात. बुंधा जमिनीत असल्याने झुबका जळूनही परत फुटतो, पण कुंपणाजवळची आग घराकडे आणण्याचे काम तो करू शकतो. डिसेंबर-जानेवारीत विळ्याने गुडघ्याच्या खाली छाटून घेतला की हा धोका टळतो, आणि छाटलेली पाने सोनटक्क्याच्या वाफ्यावर आच्छादनाला येतात.

शोभेच्या दृष्टीने पाहता सोनटक्क्याचे वैभव निर्विवाद आहे, पण ते तीन महिन्यांचे. वाळ्याला डोळ्यांत भरणारे फूल नाही. जांभळट बारीक तुरे आले तरी ते दुरून कळतही नाहीत. त्याचे सौंदर्य आकाराचे आहे. हिवाळ्यात बागेतील इतर सारे कोमेजलेले असताना तिरप्या उन्हात उभा राहणारा हिरवा-पिवळा झुबका हा वर्षभराचा ऐवज आहे. रोपवाटिकांत हल्ली पंपास आणि फाउंटन ग्रास ही दिखाऊ तुऱ्यांची गवते शोभेसाठी मिळतात. पाचगणीत ती लावू नयेत, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांचे हलके बी वाऱ्यावर दूर जाते. पंपासने कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये, फाउंटन ग्रासने हवाईत स्थानिक वनस्पतींना कसे हुसकले हे जगाने पाहिले आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश २००१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, तर याच जिल्ह्यातले कास पठार २०१२पासून जागतिक वारशाचा भाग आहे. या पठारांवरची रानफुले अत्यंत पातळ मातीत जगतात. तिथे परके गवत शिरले की परत काढता येत नाही. दक्षिण भारतात लागवडीखाली असलेला वाळा सहसा रुजणारे बी धरत नाही आणि जमिनीखालून धावतही नाही. लावला तिथेच राहतो. उत्तरेकडील रानटी वाळ्याला मात्र बी येते, म्हणून ठोंब आणताना तो कुठला हे विचारून घ्यावे. सोनटक्काही पूर्ण निर्दोष नाही. हवाई, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत तो ओढ्यांकाठी माजला आहे. मोळी फोडल्यावर उरलेले कंद ओढ्यात किंवा दरीत टाकण्याची सवय म्हणूनच वाईट.

एवढे पाहिल्यावर निवड अवघड राहत नाही. उतार उघडा असेल आणि एकच झाड लावण्याची ऐपत असेल, तर वाळा. जागा सपाट, सावलीची आणि मोरीच्या पाण्याच्या वाटेवरची असेल, तर सोनटक्का. दोन्हींना जागा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या पावसाळ्यात बांधाच्या कडेने वाळ्याची ओळ, आणि ओळ धरल्यावर दुसऱ्या वर्षी तिच्या वरच्या अंगाला, जिथे माती आणि ओल साठू लागली आहे तिथे, सोनटक्का. वरच्या अंगाला लावलेल्या सोनटक्क्याला खालून गवताचा आधार आणि दरीकडच्या वाऱ्याला आड मिळते. दोहोंमध्ये हातभर अंतर ठेवावे, नाहीतर सोनटक्क्याची रुंद पाने वाळ्यावर सावली धरतात.

लावणीचा काळ दोघांचा एकच, जूनचा पहिला पंधरवडा. वाळ्याच्या ठोंबाची पाने वीतभर ठेवून छाटावीत, मुळे बोटभर राखावीत, आणि चार-सहा बोटांच्या अंतराने एका ओळीत दोन-तीन फुटव्यांची जुडी घट्ट दाबून लावावी. पंधरा दिवसांनी मेलेले ठोंब काढून नवे लावायला विसरू नये. वर्षातून दोन-तीनदा गुडघाभर उंचीवर छाटले की फुटवे दाट होतात. सोनटक्क्याचे कंद दोन-तीन बोटे खोल, डोळा वर ठेवून, दीड-दोन फुटांवर लावावेत. खड्ड्यात शेणखत भरपूर घालावे. या झाडाची भूक मोठी आहे आणि जांभ्याची माती गरीब. वर सिल्व्हर ओकचा पाचोळा अंथरावा. तो लवकर कुजत नाही ही एरवीची तक्रार इथे सोयीची ठरते.

रोपवाटिकेत पैसे मोजण्याआधी शेजारपाजारी विचारून पाहावे. जुन्या बागेत सोनटक्क्याची माजलेली मोळी असतेच आणि ती फोडून न्यायला मालक सहसा हरकत घेत नाही. वाळ्याचे ठोंब मात्र मेमध्येच सांगून ठेवावेत. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्यांनाच ते हवे असतात.